गॅरेजमधलं विमान आणि माझी कानस

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

सुरुवातीलाच सांगून टाकतो, मी वैमानिक नाही आणि विमानांचा इंजिनिअरही नाही. मी आयटीआयचा फिटर. पिंपरीच्या एका कारखान्याच्या टूलरूममध्ये छत्तीस वर्षं काढली आणि निवृत्त झालो. तेव्हा जवळ प्रॉव्हिडंट फंड होता, कंपनीनं दिलेलं घड्याळ होतं आणि कानस धरून घट्टे पडलेले दोन हात होते. या हातांचं पुढे काय करायचं, हा प्रश्न माझ्या बायकोलाही पडला होता. तीन महिन्यांत घरातल्या सगळ्या दारांच्या बिजागऱ्या सरळ झाल्या आणि मग मी शेजाऱ्यांच्या दारांकडे वळलो.

अशात २०१४ च्या उन्हाळ्यात आम्ही दोघं अमेरिकेत माझ्या भाच्याकडे गेलो. ओहायो राज्यात डेटन नावाचं शहर आहे, त्याच्याजवळ तो राहतो. पोचलो त्याच रात्री तो म्हणाला, "मामा, गॅरेजमध्ये चला, एक गंमत दाखवतो." गॅरेज दोन गाड्यांचं, पण दोन्ही गाड्या बाहेर उघड्यावर. आत लांबलचक टेबल आणि त्यावर ॲल्युमिनियमच्या पत्र्याचं काहीतरी अर्धवट जोडलेलं. ती विमानाची शेपटी होती. पंख भिंतीला टेकवलेल्या लाकडी खोक्यांमध्ये होते आणि धड अजून मागवायचं होतं.

मी विचारलं, "हे उडणार?"

"उडणार. आणि तुम्ही त्यात बसणार."

आमची सौ. तिथल्या तिथे म्हणाली, "हे बसतील, मी नाही."

आता हे किटचं विमान म्हणजे काय, ते थोडक्यात सांगतो. हौशी माणूस विमान तीन तऱ्हांनी बांधू शकतो. पहिली तऱ्हा, सगळं स्वतःच आखायचं आणि स्वतःच करायचं. आपल्याकडे कॅप्टन अमोल यादव यांनी मुंबईत कांदिवलीला चारकोपमध्ये इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधलं आणि फेब्रुवारी २०१६ च्या 'मेक इन इंडिया' प्रदर्शनात ते लोकांनी पाहिलं, ते या जातीचं. दुसरी तऱ्हा, दुसऱ्यानं केलेले नकाशे विकत घ्यायचे आणि पत्रा, लाकूड किंवा फायबर आपण आणायचं. तिसरी तऱ्हा किटची. कंपनी कापलेले, वाकवलेले, छिद्रं पाडलेले भाग खोक्यांतून पाठवते, जोडायचं आपण. इंजिन, प्रोपेलर आणि उपकरणं वेगळी घ्यायची.

अमेरिकेत याला कायद्यानं मान्यता आहे. अट अशी, की निम्म्याहून जास्त काम हौशी माणसांनी, शिकण्यासाठी किंवा आवडीखातर केलेलं असलं पाहिजे. पैसे देऊन विमान बांधून घेतलं आणि स्वतःचं म्हणून दाखवलं, तर ते चालत नाही. माझ्यासारख्या फुकट्या मामाची मदत मात्र चालते. अशा लोकांची एक्स्परिमेंटल एअरक्राफ्ट असोसिएशन नावाची संघटना १९५३ पासून आहे. तिचे जाणकार सभासद तुमच्या गॅरेजमध्ये येऊन काम तपासून जातात, तेही फुकट.

भाच्याचं किट होतं ओरेगनमधल्या व्हॅन्स एअरक्राफ्ट या कंपनीचं. रिचर्ड व्हॅनग्रन्सवेन यांनी १९७३ मध्ये ही कंपनी काढली, आणि तिची अकरा हजारांहून जास्त विमानं आजवर अशा गॅरेजांमधून उडाली आहेत. भाच्याचं मॉडेल आरव्ही-७. दोन माणसं शेजारी शेजारी बसतात, पंखांची एकूण लांबी साधारण पंचवीस फूट, सगळं ॲल्युमिनियमचं.

मला वाटलं होतं, कारखान्यातून छिद्रं पाडून आलेले भाग आहेत, म्हणजे मुलांच्या मेकॅनोसारखं असणार. नट लावा, बोल्ट लावा. पहिल्याच आठवड्यात कळलं की तसं नाही. यंत्रानं छिद्राची जागा अचूक दिली हे खरं, आणि त्यामुळे जुन्या काळी लागायचे तसे मोठे साचे आता लागत नाहीत. पण छिद्राची जागा अचूक असणं वेगळं आणि भाग बसणं वेगळं.

पत्र्याच्या रिब्जचंच घ्या. पंखाच्या आत आडव्या फासळ्या असतात, त्यांना रिब म्हणतात. रिबच्या कडा साच्यावर काटकोनात वाकवलेल्या असतात. वाकवताना कडेचा पत्रा ताणला किंवा दबला जातो आणि सगळी रिब केळ्यासारखी वाकडी होते. छिद्रांची ओळ सरळ राहत नाही. मग एका खास पक्कडीनं कडेला, दोन छिद्रांच्या मधोमध, बारीक बारीक चुण्या घालायच्या. करंजीला मुरड घालतात तसं. दर चुणीला रिब थोडी सरळ होते. टेबलावर ठेवायची, पाहायची, आणखी एक चुणी. कडा काटकोनात आहेत का, ते गुण्या लावून पाहायचं. हे काम आमच्या सौ.नं दोन दुपारी बसून पाहिलं आणि तिसऱ्या दुपारी माझ्या हातातून पक्कड काढून घेतली. डाव्या पंखाच्या बऱ्याचशा रिब्ज तिच्या आहेत. विमानात बसणार नाही हे तिचं म्हणणं मात्र कायम होतं.

यात मी माझं शहाणपण दाखवायला गेलो आणि तोंडावर पडलो, तेही सांगतो. टूलरूममध्ये आम्ही पोलादाच्या तुकड्याला निळा रंग लावतो आणि स्क्रायबरनं, म्हणजे टोकदार पोलादी सळईनं, रेघ ओढतो. ती रेघ केसासारखी बारीक आणि कायमची. त्या रेघेपर्यंत कानस मारायची. हात तसाच घडलेला. भाचा कामावर गेला असताना एक ब्रॅकेट थोडी घासायची होती, म्हणून मी स्क्रायबरनं झकास रेघ ओढून, घासून, तयार ठेवली. संध्याकाळी त्यानं ती उचलली, दिव्याखाली फिरवली आणि काही न बोलता कोपऱ्यातल्या डब्यात टाकली.

"का रे? मापात आहे ती."

"मापात आहे मामा, पण रेघ वाकवलेल्या कडेवरून गेलीय. इथूनच तडा जाईल."

मला राग आला. छत्तीस वर्षांत माझ्या मापात असलेला तुकडा कुणी डब्यात टाकला नव्हता. पण त्यानं समजावून सांगितलं ते बरोबर होतं, आणि ते तुम्हालाही सांगायला हवं, कारण या सगळ्या हातकामाचं मूळ तिथे आहे.

कापडाच्या दुकानात तुम्ही पाहिलं असेल. दुकानदार कापड मोजतो, काठाला कात्रीनं अर्ध्या बोटाचा छेद देतो आणि मग दोन्ही हातांनी टर्रकन फाडतो. छेद नसेल तर तेच कापड पैलवानालाही फाडता येणार नाही. काठाला चीर पडली की सगळा ताण तिच्या टोकाशी गोळा होतो. पत्र्याचंही असंच आहे. विमानाचा पत्रा एका झटक्यात फाटत नाही, पण उडताना तो सतत थरथरतो, ताणला जातो, सैल होतो. असं लाखो वेळा झालं, की जिथे ओरखडा असेल, कडेला खाच असेल, छिद्राच्या तोंडाशी बर राहिली असेल, तिथून केसाएवढा तडा सुरू होतो आणि पुढे सरकत राहतो. धातूला थकवा येतो असं म्हणतात ते हेच. शिवाय या पत्र्यावर शुद्ध ॲल्युमिनियमचा पातळ थर असतो, तो आतल्या मिश्रधातूला गंजापासून वाचवतो. माझ्या स्क्रायबरनं तो थरही कापला होता. म्हणून इथे खुणा बारीक टोकाच्या मार्कर पेननं करतात. पेन्सिलही चालत नाही. पेन्सिलीतलं ग्रॅफाइट ॲल्युमिनियमवर राहिलं आणि ओल लागली, तर तिथे गंज धरतो. ही गोष्ट मला साठाव्या वर्षी कळली.

२८ एप्रिल १९८८ ला हवाई बेटांवर अलोहा एअरलाइन्सचं बोइंग ७३७ चोवीस हजार फुटांवर असताना त्याच्या छताचा सुमारे अठरा फुटांचा तुकडा उडून गेला. एक हवाईसुंदरी बाहेर फेकली गेली, तिचा मृत्यू झाला. बाकीच्यांना घेऊन वैमानिकांनी विमान उतरवलं. ते विमान एकोणीस वर्षं जुनं होतं आणि जवळजवळ नव्वद हजार वेळा उडालं होतं. चौकशीत जे निघालं त्यातली एक गोष्ट आमच्या कामाची. पत्र्यांच्या जोडातलं चिकटवण निकामी झाल्यावर सगळा भार रिव्हेटांवर आला. रिव्हेटचं डोकं पत्र्याच्या पातळीत बसावं म्हणून छिद्राचं तोंड घासून पसरट केलेलं होतं आणि पातळ पत्र्यात त्यामुळे छिद्राची कड सुरीच्या धारेसारखी झाली होती. तडे तिथून निघाले.

म्हणून किटच्या विमानात पातळ पत्र्याचं छिद्र घासून पसरट करत नाहीत. तिथे दोन ठशांमध्ये पत्रा दाबून खळी पाडतात, गालावरच्या खळीसारखी, आणि रिव्हेटचं डोकं त्या खळीत बसतं. धातू काढलेला नसतो, फक्त दबलेला असतो. पण खळी पाडताना छिद्राची कड ताणली जाते. तिथे बर असेल तर त्याच क्षणी तडा. त्यामुळे प्रत्येक छिद्राची दोन्ही तोंडं आधी हातानं साफ करायची. या विमानात दहा हजारांहून जास्त रिव्हेट असतात, आणि प्रत्येक रिव्हेट निदान दोन पत्र्यांतून जातो. हिशोब तुम्हीच करा. एक हलकं कटर बोटांत धरून दोन वेटोळे फिरवायचे, जास्त नाही. जास्त फिरवलं की सुरीची धार तयार.

पत्र्याच्या कडेचंही तसंच. आधी कानस, मग एमरी पेपर, मग पॉलिशचं चाक. आणि घासायचं ते कडेच्या लांबीच्या दिशेनं. आडवं घासलं तर प्रत्येक ओरखडा म्हणजे कापडवाल्याचा एकेक छेद. शेवटी कडेवरून अंगठ्याचं नख फिरवायचं. नख कुठे अडखळलं तर पुन्हा.

यंत्रं सुधारली म्हणजे हे काम संपेल असं वाटतं खरं. पण २०२३ मध्ये याच कंपनीला मोठा फटका बसला. मागणी वाढली म्हणून तिनं काही भाग पंचऐवजी लेझरनं कापून घेतले होते. अनेक बांधणाऱ्यांना खळी पाडताना छिद्रांच्या कडांवर तडे दिसले. लेझर छिद्राचा गोल जिथे सुरू करून जिथे संपवायचा, तिथे बारीक खाच राहत होती. कंपनीनं भाग बदलून देण्याची तयारी केली, पण तो खर्च आणि इतर आर्थिक अडचणी मिळून डिसेंबर २०२३ मध्ये तिला दिवाळखोरीच्या कायद्याचं संरक्षण मागावं लागलं. २०२४ मध्ये ती त्यातून बाहेर आली. आमचं विमान तोवर कधीच उडालं होतं, आमचे भाग जुन्या पद्धतीचे होते. पण बातमी वाचताना मला नवल वाटलं नाही. ते तडे आधी कुणाच्या तरी बोटांना आणि डोळ्यांनाच सापडले असणार.

दुसरी मोठी कहाणी काचेची. बसण्याच्या जागेवर फुग्यासारखं पारदर्शक छत असतं, कॅनॉपी म्हणतात. खरं तर ती काच नाही, ॲक्रिलिक आहे. कंपनीकडून अख्खा फुगा येतो, साच्यातली जादा कड चारी बाजूंनी तशीच. ती कड कापायची, फुगा पोलादी नळ्यांच्या चौकटीवर बसवायचा आणि मग त्याचे दोन तुकडे करायचे. पुढचा भाग म्हणजे समोरची काच, मागचा भाग सरकणारं छत. या कापाला तिकडचे बांधणारे 'मोठा काप' म्हणतात आणि त्याबद्दल आपल्याकडे ऑपरेशनबद्दल बोलतात तसं हळू आवाजात बोलतात. कारण ॲक्रिलिक थंड असलं तर कपबशीसारखं फुटतं. किंमत हजार डॉलरहून अधिक, आणि एवढं मोठं धूड मागवायचा वाहतूक खर्च वेगळा.

ओहायोचा हिवाळा म्हणजे गॅरेजमध्ये पाणी गोठतं. त्यामुळे हे काम भाच्यानं मी येईपर्यंत राखून ठेवलं होतं. २०१६ च्या जुलैमधली दुपार. गॅरेजचं दार बंद, आत सत्तावीस-अठ्ठावीस अंश, आम्ही घामाघूम. करवत वापरायची नाही, तिचे दात धरतात आणि ओढतात. घासून कापणारी पातळ चकती वापरायची. फुग्यावर चिकटपट्टी, पट्टीवर खूण. एकदम रेघेवर कापायचं नाही. पाव इंच कमी कापायचं, कड एमरीनं गुळगुळीत करायची, दोघांनी मिळून फुगा उचलून चौकटीवर ठेवायचा, कुठे टेकतो ते पाहायचं, पुन्हा खाली. असं आम्ही किती वेळा केलं ते मोजायचं सोडून दिलं. आणि गंमत अशी की चूक प्रत्येक वेळी फुग्याचीच नसते. एका जागी फट राहत होती, तिथे मी आणखी घासायला निघालो होतो. भाचा म्हणाला, थांबा, चौकटच बाहेर आलीय. नळी किंचित वाकवली आणि फट मिटली. घासली असती तर पलीकडच्या बाजूला कमी पडलं असतं.

फिटरच्या धंद्यात हीच पहिली शिकवण असते. आयटीआयमध्ये पहिल्या वर्षी दोन तुकडे देतात. एकात खाच करायची, दुसऱ्यात जीभ, आणि दोन्ही एकमेकांत बसवून उजेडाकडे धरायचे. फटीतून उजेड दिसला की नापास. नवी पोरं काय करतात? जिथे अडतं तिथे घासतात. मास्तर विचारायचे, "अडतंय कुठे आणि दिसतंय कुठे?" दोन्ही जागा एक नसतात.

मोठा काप मीच केला, हे सांगायला मला लाज वाटत नाही. भाचा फुगा धरून उभा होता आणि कापलेल्या भागावर मागून चिकटपट्ट्या लावत येत होता, म्हणजे तुकडा लोंबून शेवटच्या चार बोटांत चीर जायला नको. पंचवीस मिनिटं लागली. दोघांपैकी कुणीही बोललं नाही.

मग छिद्रं. साधं ड्रिल पलीकडे निघताना हिसका देतं आणि तारेसारखी चीर पडते, म्हणून ॲक्रिलिकसाठी वेगळ्या टोकाचं ड्रिल असतं, ते खरवडत जातं. आणि छिद्र स्क्रूपेक्षा मोठं ठेवायचं. हे मला आधी पटेना, फिटरला सैल छिद्र म्हणजे शिवी. पण ॲक्रिलिक उष्णतेनं ॲल्युमिनियमच्या तिप्पट प्रसरण पावतं. हिवाळ्यातल्या उणे वीस अंशांपासून उन्हात उभ्या विमानाच्या चाळीस अंशांपर्यंत, चार फुटांच्या लांबीत दोघांत तीन मिलिमीटरहून जास्त फरक पडतो. स्क्रूनं आवळून धरलं तर ते कुठे जाणार? तडकणार. तेव्हा सैल ठेवणं हीच इथली बरोबर फिटिंग.

इंजिनावरच्या फायबरच्या आवरणाबद्दल फार सांगत नाही. ते घासायचं, लावून पाहायचं, काढायचं. त्याची धूळ म्हणजे खाजकुयली. तोंडाला मास्क, अंगभर कपडे, तरी रात्री झोप नाही.

आता ज्या गोष्टीसाठी मी हे बोलायला तयार झालो, ती सांगतो.

विमानाचा पंख धडाला दोन ठिकाणी जोडतात. पुढे मुख्य स्पार, म्हणजे पंखाचा मुख्य आडवा कणा, त्याची छिद्रं कारखान्यातूनच अचूक येतात. मागे दुसरा, लहान स्पार. त्याचं टोक धडातल्या दोन पट्ट्यांच्या मधल्या खाचेत शिरतं आणि तिथे एक बोल्ट बसतो. हे मागचं छिद्र कंपनी पाडून देत नाही. कारण पंखाचा धडाशी कोन किती आणि पंख पुढे-मागे किती, हे त्या एका छिद्रावर ठरतं आणि प्रत्येकाचं धड केसभर वेगळं असतं. ते छिद्र बांधणाऱ्यानं जागेवर पाडायचं. एकदाच.

२०१८ च्या जूनमध्ये आम्ही धड आणि पंख जवळच्या लहान विमानतळावर भाड्यानं घेतलेल्या हँगरमध्ये नेले. तिथे जे केलं ते आपला कुठलाही गवंडी ओळखेल. पंखांच्या पुढच्या कडेवरून चार ओळंबे सोडले. ते झुलू नयेत म्हणून प्रत्येकाचं टोक पाण्याच्या डब्यात बुडवलं. जमिनीवर दोरा ताणला. चारही ओळंबे दोऱ्याला लागले म्हणजे पंख सरळ. मग पंखाच्या टोकापासून शेपटीपर्यंत दोन्ही बाजूंचं अंतर मोजलं. पंखावर ठरलेल्या उंचीचा ठोकळा ठेवून त्यावर पाणसळ धरली, म्हणजे कोन. सकाळी आठला सुरू केलं, दुपारी दोनला सगळं जुळलं. पंख पट्ट्यांनी आवळून ठेवले आणि भाच्यानं मागच्या स्पारवर छिद्राची जागा आखली.

नियम असा, की छिद्राच्या मध्यापासून धातूच्या कडेपर्यंत बोल्टच्या जाडीच्या निदान दुप्पट अंतर हवं. बोल्ट पाच सोळांश इंचाचा, म्हणजे आठ मिलिमीटर. कडेचं अंतर पाच अष्टमांश इंच, सोळा मिलिमीटर. त्याहून कमी असेल तर भार आल्यावर बोल्ट कडेचा धातू फाडून बाहेर येऊ शकतो. उजवीकडे सतरा भरलं. डावीकडे पंधरा.

पुन्हा मोजलं. पंधराच.

झालं असं होतं, की स्पारच्या टोकाचे कोपरे खाचेत आतून टेकतात, ते थोडे गोल करून घासावे लागतात. आदल्या हिवाळ्यात एका रात्री भाच्यानं डावीकडचा कोपरा घासला होता. थंडी, दिवसभराची नोकरी, डोळ्यांवर झोप. थोडं जास्त गेलं. तेव्हा ते कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण छिद्र अजून पाडायचंच होतं.

एक मिलिमीटर. मंडळी, मी छत्तीस वर्षं शंभराव्या भागाच्या चुकीसाठी तुकडे लाल रंग लावून रिजेक्टच्या पेटीत टाकले आहेत. त्यापायी माणसांशी भांडलो आहे. पण त्या दिवशी हँगरमध्ये भाच्याचा चेहरा पाहिला. पाच वर्षांचं काम, प्रत्येक शनिवार-रविवार. आणि माझ्या तोंडात शब्द आला होता, "चालेल रे." पंखाचा कोन किंचित बदलला, छिद्र जरा आत सरकवलं, तर ते पंधरा पॉइंट सहा-सात झालं असतं. कुणाला दिसलं नसतं. वरून आवरण येणार होतं.

मी नुसतं "तसं पाहिलं तर..." एवढंच म्हणालो. भाच्यानं माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "मामा, तुमच्या टूलरूममध्ये हा पास झाला असता?"

मी मार्कर घेतला आणि त्या टोकावर फुली मारली.

कंपनीच्या तांत्रिक विभागाला फोटो आणि मापं पाठवली. उत्तर आलं, टोकाचा जोड बदला. मग पंख उतरवला. रिव्हेट काढणं हे बसवण्यापेक्षा नाजूक काम. डोक्याच्या बरोबर मध्यावर ड्रिल, डोक्याच्या खोलीइतकंच, मग डोकं उडवायचं आणि देठ हळूच पलीकडे ठोकायचा. छिद्र मोठं झालं तर आणखी एक भाग बाद. हे सगळं मी केलं. भाच्याचा हात चांगला आहे, पण त्या आठवड्यात तो कापत होता. नव्या टोकाचे कोपरे मी घासले, दर दहा-बारा घासांना खाचेत घालून पाहत. चार शनिवार-रविवार गेले. पुन्हा ओळंबे, पुन्हा दोरा, पुन्हा पाणसळ. डावीकडे सतरा, उजवीकडे सतरा. जाड ठोकळ्यातून ड्रिलला वाट करून दिली, म्हणजे ते तिरकं जाणार नाही, आणि भाच्यानं छिद्र पाडलं. शेवटचा हात रीमरनं फिरवला. बोल्ट अंगठ्यानं दाबत दाबत आत गेला.

डेटनमध्ये हे चाललं होतं म्हणून एक आठवण सांगतो. राइट बंधूंचं सायकलचं दुकान याच गावात. त्यांचा मेकॅनिक चार्ली टेलर यानं १९०३ मध्ये त्यांच्या विमानाचं इंजिन सहा आठवड्यांत केलं. क्रँकशाफ्टसाठी त्यानं पोलादाच्या जाड पाटावर आकार आखला, रेघेवर ओळीनं छिद्रं पाडली, छिन्नी-हातोड्यानं जादा भाग उडवला आणि उरलेलं लेथवर फिरवलं. त्या वेळच्या फिटरला हे नवल वाटलं नसतं. राइट बंधूंचं १९०५ चं विमान तिथल्या कॅरिलन पार्कमध्ये ठेवलेलं आहे. आमच्या बोल्टच्या दुसऱ्या दिवशी आम्ही तिथे गेलो. मी त्या विमानाचे जोडच पाहत बसलो. भाचेसून शेवटी म्हणाली, "मामा, चला, बंद होतंय."

मे २०१९ मध्ये सरकारी निरीक्षकानं विमान उघडून तपासलं, कागद पाहिले, आणि ते उडालं. मी तेव्हा पुण्यात होतो. सुरुवातीचे तास चाचणीचे, प्रवासी न्यायचा नाही. इंजिन आणि प्रोपेलरची जोडी प्रमाणित असेल तर पंचवीस तास, नसेल तर चाळीस. चाचणीत विमान हात सोडला की डावीकडे कलायचं. त्याला औषध काय, तर एका पंखावरच्या एलेरॉनची मागची कड पसरट जबड्याच्या पक्कडीनं किंचित दाबायची. किंचित म्हणजे डोळ्यांना दिसणार नाही इतकी. उडायचं, पाहायचं, उतरायचं, पुन्हा थोडी दाबायची. भाच्यानं फोनवर विचारलं, "मामा, किती दाबू?" पुण्यातून मी काय सांगणार? म्हटलं, कमीच दाब.

सप्टेंबरमध्ये मी गेलो आणि बसलो. समोर एक पट्टी लावलेली असते, हे विमान हौशी माणसानं बांधलेलं आहे आणि नेहमीच्या विमानांचे सुरक्षा नियम याला पूर्णपणे लागू झालेले नाहीत, अशा अर्थाची. कायद्यानं ती लावावीच लागते. आमच्या सौ.नं ती चष्मा लावून पूर्ण वाचली, आपल्या रिब्जवरून पत्र्यावर एकदा हात फिरवला आणि खाली उभी राहिली. वर गेल्यावर भाचा सारखं म्हणत होता, मामा ती नदी पाहा, ते गाव पाहा. मी डावीकडे, पंख जिथे धडाला मिळतो तिथल्या फटीकडे पाहत होतो.

काढून टाकलेलं ते टोक मी सामानात घालून पुण्याला आणलं. विमानतळावर कुणीतरी विचारलं, हे काय? म्हटलं, पंधरा मिलिमीटर. मार्करची फुली अजून आहे त्याच्यावर. टेबलावर ठेवलंय, विजेची बिलं त्याखाली राहतात.